उभी राहिली की तापणारी गाडी

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ मध्ये भारतात आणलेली स्टँडर्ड हेराल्ड ही दोन दारांची मोटार आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असेल. जोव्हानी मिकेलॉत्ती या इटालियन कलाकाराने रेखाटलेली ही गाडी मूळची इंग्लंडमधील ट्रायम्फ हेराल्ड. तिचाच सांगाडा आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार लंडनच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. इंजिन त्याच घराण्यातले, पुढचे चाक आवळून वळवण्याची करामत तीच, आणि मडगार्डांसकट सगळे बॉनेट पुढच्या बाजूला उलटण्याची सोयही तीच. त्यामुळे हेराल्ड ही आपल्याकडची गरिबाघरची स्पोर्ट्स कार ठरली. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमान-धावपट्टीवर शर्यती भरत, त्यांत हेराल्डही धावत. हौशी मालक मूळचा एकच सोलेक्स कार्ब्युरेटर काढून स्पिटफायरप्रमाणे एसयू जातीचे जोड कार्ब्युरेटर बसवीत.

कंपनीचे मोटार-उत्पादन १९८८ च्या सुमारास थांबले. उरलेल्या गाड्या आज पन्नाशी ओलांडलेल्या आहेत आणि त्यांच्या मालकांची तक्रार बहुधा एकच असते. गाडी रस्त्यावर धावताना ठीक असते. सिग्नलला किंवा बाजारात उभी राहिली की काटा वर चढू लागतो, आयडलिंग डळमळते आणि शेवटी इंजिन बंद पडते. आयडलिंगचा आणि तापण्याचा दोष असे दोन निरनिराळे आजार समजून त्यांवर उपचार केले जातात. माझ्या मते ते बहुतेक वेळा एकाच आजाराचे दोन चेहरे असतात.

याचे एक उत्तम उदाहरण गेल्या उन्हाळ्यात पाहावयास मिळाले. तंजावरमधील एका मराठी स्नेह्यांकडे वडिलांच्या वेळची हेराल्ड आहे, जोड एसयू कार्ब्युरेटरसह. तंजावरच्या दक्षिणेस पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यावर सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडु हे गाव लागते. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. रामेश्वराच्या यात्रेकरूंना तेथे आसरा आणि अन्न मिळे. ते पाहावयास आम्ही निघालो. दिवस तामिळ पंचांगातील अग्निनक्षत्राचे, म्हणजे मे महिन्यातील सर्वांत कडक उन्हाचे होते. सपाट डेल्टा प्रदेश, घाट नाही, चढ नाही. गाडी सुखाने चालली. ओरत्तनाडूच्या बसस्थानकाजवळच्या गर्दीत मात्र दहा मिनिटे रेंगाळावे लागले आणि काटा लाल पट्टीला टेकला.

या गाडीबाबत त्याआधीच बराच खर्च झाला होता. रेडिएटर बदलला होता, वॉटर पंप नवा होता, थर्मोस्टॅट काढून टाकला होता. एका गॅरेजने तर मूळ इंजिन उतरवून एखाद्या छोट्या व्हॅनचे इंजिन बसवावे, असा सल्ला दिला होता. दक्षिणेतील अनेक हेराल्डांची हीच गत झालेली आहे. स्नेह्यांच्या मनाने तो सल्ला जवळजवळ स्वीकारलाही होता. वडिलांची गाडी राहील, पण तिचा आवाज राहणार नाही, एवढीच त्यांची खंत होती.

अशा वेळी प्रथम एक साधी चाचणी करावी. गाडी उभी असताना काटा चढू लागताच हाताने रेस देऊन इंजिन दीड हजार फेऱ्यांवर दोन मिनिटे धरून ठेवावे. काटा उतरू लागला, तर पाण्याचा मार्ग मोकळा आहे आणि उणीव वाऱ्याची किंवा पंपाच्या वेगाची आहे, असे समजावे. या जुन्या गाड्यांत पंखा आणि पंप दोन्ही इंजिनाच्याच फिरण्यावर अवलंबून असतात. आयडलिंग मंद म्हणजे वाराही मंद. रेस देऊनही काटा चढतच राहिला, तर रेडिएटर चोंदलेला असावा किंवा हेड गॅस्केट फुटलेले असावे. याउलट जी गाडी गर्दीत थंड आणि भरधाव वेगात गरम, तिच्या बाबतीत रेडिएटरच्या नळ्या आणि खालचा होज पाइप आधी पाहावा. हा पाइप जुना झाला की पंपाच्या ओढीने आत चिंबतो आणि पाण्याची वाट अडवतो.

आमच्या गाडीचा काटा रेस देताच उतरला. म्हणजे नवा रेडिएटर निरोगी होता.

इंजिन थंड होईपर्यंत आम्ही झाडाच्या सावलीत थांबलो. ही प्रतीक्षा टाळू नये. टोपणाच्या ७ पौंड दाबाखाली पाणी सुमारे १११ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता राहते. टोपण उघडताच दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन हातातोंडावर उसळते. तापल्या इंजिनात कालव्याचे थंड पाणी ओतणे हा तर हेडला तडा पाडण्याचा हमखास मार्ग आहे.

बॉनेट उलटल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक तर रेडिएटरच्या पत्र्यांत भाताचा भुसा आणि काड्या गच्च बसल्या होत्या. या भागात सुगीनंतर पेंढा आणि कडधान्ये रस्त्यावरच पसरतात, वाहनांच्या चाकांखाली मळणी आपोआप होते. हा भुसा समोरून पाणी मारून निघत नाही, अधिकच आत जातो. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, मध्यम जोराने मारावे लागते.

दुसरी गोष्ट डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली होती आणि खरा दोष तोच होता. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजली होती आणि अंतर जवळजवळ मिटले होते. हे अंतर साधारणतः १५ थाउ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर असावे लागते. ते कमी झाले की ठिणगी उशिरा पडते. उशिरा पेटलेले पेट्रोल पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टच्या वाटेत जळत राहते. शक्ती घटते आणि ती उष्णता हेडमध्ये व भोवतीच्या पाण्यात जाते. आयडलिंग खाली येते. मग कोणीतरी कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून ते वर आणतो. आता पेट्रोल अधिक जळते, टायमिंग मात्र मागेच राहते. त्यातच कार्ब्युरेटर तापून त्याच्या वाटीतले पेट्रोल उकळू लागते आणि वर आणलेले आयडलिंग पुन्हा कोसळते. या फेऱ्यात रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट असे सगळे बळी जातात. शंभर-दोनशे रुपयांचा पॉइंट तसाच राहतो.

म्हणून आयडलिंगची तपासणी कार्ब्युरेटरपासून कधीही सुरू करू नये. आधी टॅपेटचे अंतर, मग प्लग, मग पॉइंट, मग टायमिंग, मग हवेची गळती, आणि हे सारे ठीक असल्यावरच कार्ब्युरेटर. हवेची गळती शोधण्यासाठी अनेक जण पेट्रोल किंवा स्प्रे मारून पाहतात. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे तापलेल्या मॅनिफोल्डवर असे करणे म्हणजे आगीला आमंत्रण. हातभर रबरी नळी घ्यावी, एक टोक कानाशी आणि दुसरे सांध्यासांध्यावरून फिरवावे. फुसफुस स्पष्ट ऐकू येते. जुन्या एसयूमध्ये थ्रॉटलचा दांडा जेथे झिजतो, तेथे ती हमखास असते. त्याच नळीने दोन्ही कार्ब्युरेटरांचा श्वास सारखा आहे की नाही, हेही कळते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे फारच प्रथा आहे. तो नसला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन पुरेसे तापत नाही, सिलिंडर लवकर झिजतात आणि खरा दोष झाकला जातो. शंका असल्यास तो पातेल्यातील पाण्यात उष्णतामापकासह ठेवून तापवावा. त्यावर ८२ कोरलेले असेल, तर त्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. हेड गॅस्केटची शंका असेल, तर थंड इंजिन टोपण काढून सुरू करावे. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर मात्र गॅरेजला पर्याय नाही.

नव्या काळाने एक भर घातली आहे. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर जुळवलेल्या कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ पडते. पातळ मिश्रणाने आयडलिंग अडखळते आणि इंजिन गरम होते. एसयूमध्ये जेटखालची चाकी थोडी उतरवून मिश्रण जाड करता येते, सोलेक्समध्ये जेटच बदलावा लागतो. जुने रबरी पेट्रोल-पाइपही इथेनॉलने मऊ होऊन पाझरू लागतात. ते आजच्या पेट्रोलला साजेसे घालावेत. एक्झॉस्टच्या अगदी वर पाझरणाऱ्या पाइपाबाबत चालढकल नको.

त्या दिवशी सुटकेसच्या कप्प्यातल्या जुन्या फीलर गेजने पॉइंट जमवला आणि चढवलेला स्क्रू खाली आणला. मुक्तांबाळ छत्र निवांत पाहून दुपारच्या भर उन्हात परतताना तंजावरच्या गर्दीतही काटा अर्ध्याच्या जरा वर राहिला. नवा पॉइंट आणि ८२ अंशांचा थर्मोस्टॅट पुढच्या आठवड्यात बसला. इंजिन बदलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

स्नेह्यांना आता एक विजेचा पंखा जोडावयाचा आहे. त्याला माझा विरोध नाही, परंतु या गाडीत अद्याप अल्टरनेटर नसून जुना डायनामो आहे, आणि डायनामो आयडलिंगला जवळजवळ काहीच वीज देत नाही. पंख्याची गरज नेमकी तेव्हाच असते. गर्दीत पंखा बॅटरी खाईल, बॅटरी उतरली की ठिणगी क्षीण होईल. तेव्हा आधी अल्टरनेटर, मग पंखा, असे ठरले आहे. अल्टरनेटरसाठीचा ब्रॅकेट तंजावरमध्येच एका लेथवाल्याकडे तयार होत आहे.