संशोधनपत्रिकांचे डिजिटल जतन : खुलेपणा आणि टिकाऊपणा

प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनपत्रिका केवळ मुद्रित स्वरूपात निघत असत, तेव्हा त्यांच्या जतनाचा स्वतंत्र विचार सहसा करावा लागत नसे. अंक छापून झाला की त्याच्या प्रती लेखकांकडे, वर्गणीदारांकडे आणि अन्य महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पोहोचत. एका ठिकाणची प्रत वाळवीने खाल्ली किंवा पावसात भिजली, तरी दुसरीकडे ती सापडण्याची शक्यता राही. ऑनलाइन पत्रिकेची स्थिती याहून वेगळी आहे. ती जगात कोठूनही वाचता येते. परंतु तिचे सर्व अंक पुष्कळदा एकाच सर्व्हरवर साठविलेले असतात. संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क भरावयाचे राहिले किंवा काम पाहणारे प्राध्यापक निवृत्त झाले, तर अनेक वर्षांचे अंक एकाच वेळी नाहीसे होऊ शकतात. लेख सर्वांसाठी खुला असणे आणि तो दीर्घकाळ टिकणे या दोन भिन्न बाबी आहेत. त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुक्त प्रवेशाची संकल्पना

संशोधन वाचकांना विनामूल्य व निर्बंधाविना उपलब्ध व्हावे, ही भूमिका २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने स्पष्टपणे मांडली. त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने उपलब्ध झाले. लेखाच्या प्रती कोणी व कोणत्या अटींवर कराव्यात, हे लेखकाने आधीच जाहीर करण्याची सोय या परवान्यांमुळे झाली. जतनाच्या दृष्टीने ही सोय महत्त्वाची आहे. परवान्याचा उल्लेख नसलेला लेख वाचता येतो; मात्र त्याची प्रत आपल्या संग्रहात ठेवून ती पुढे वाचकांना देण्याचा अधिकार दुसऱ्या ग्रंथालयाला आहे की नाही, हे अनिश्चित राहते.

समस्येचे स्वरूप

मिकाएल लाक्सो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२१ मधील अभ्यासात, २००० ते २०१९ या काळात १७४ मुक्त प्रवेश पत्रिका इंटरनेटवरून नाहीशा झाल्याचे आढळले. त्या कोणा एका देशातील वा एका विद्याशाखेतील नव्हत्या. मार्टिन ईव्ह यांनी २०२४ मध्ये ७४ लाखांहून अधिक डीओआय क्रमांक तपासले. त्यांपैकी सुमारे २८ टक्के, म्हणजे २० लाखांहून अधिक लेख, कोणत्याही प्रमुख डिजिटल संग्रहात आढळले नाहीत. यावरून एक गैरसमज दूर होतो. डीओआय ही लेखाची कायम ओळख आहे; तो लेखाचा साठा नव्हे. लेखच उरला नाही, तर क्रमांक वाचकाला केवळ रिकाम्या पत्त्यावर नेतो.

जतनाची पद्धती

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९९ मध्ये 'लॉक्स' हा प्रकल्प सुरू झाला. 'पुष्कळ प्रती असल्या की वस्तू सुरक्षित राहते' असा त्याच्या नावाचा आशय आहे. या व्यवस्थेत निरनिराळ्या ग्रंथालयांतील संगणक त्याच लेखाच्या प्रती ठेवतात आणि ठरावीक काळाने त्या एकमेकांशी ताडून पाहतात. एखादी प्रत बिघडलेली आढळल्यास इतरांच्या आधारे ती दुरुस्त केली जाते.

हे तत्त्व मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. भिन्न प्रांतांत व भिन्न लिप्यांत जपलेल्या हस्तलिखितांच्या तुलनेतूनच ते कार्य शक्य झाले. सर्व पोथ्या एकाच ठिकाणी असत्या आणि ते ठिकाण नष्ट झाले असते, तर तुलनेसाठी काहीच उरले नसते.

याच तत्त्वावर 'क्लॉक्स' ही व्यवस्था जगातील बारा संस्थांमध्ये प्रती ठेवते. एरवी तेथील साठा बंद असतो. एखादी पत्रिका कायमची अनुपलब्ध झाली, की तिचे लेख सर्वांसाठी खुले केले जातात.

मराठी पत्रिकांची विशेष अडचण

युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे. काही ठिकाणी ही पद्धत पुढेही चालू राहिली. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकृत्या बसविलेल्या असतात. तो फॉन्ट संगणकात नसेल, तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत केल्यास पान योग्य दिसते. तरीही त्यातील मराठी शब्द शोधयंत्राला सापडत नाही. अशा लेखाची फाइल टिकते, पण तो अभ्यासकाच्या नजरेस पडत नाही. म्हणून जतनामध्ये मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि दीर्घकालीन साठवणुकीसाठी २००५ मध्ये प्रमाणित झालेल्या पीडीएफ-ए या स्वरूपाचा वापर करणे, या दोन्ही गोष्टींचा समावेश व्हावयास हवा.

महाविद्यालयांनी करावयाचे उपाय

१. प्रत्येक लेखावर परवाना, आयएसएसएन व प्रकाशनवर्ष स्पष्ट नमूद करावे.

२. पत्रिका 'ओपन जर्नल सिस्टीम्स' या विनामूल्य प्रणालीवर असल्यास, तिच्या निर्मात्यांच्या जतन-जाळ्यात नोंदणी करावी. पात्र पत्रिकांना ही सेवा विनाशुल्क मिळते.

३. हे शक्य नसल्यास, परवाना अनुमती देत असेल तेव्हा लेख 'झेनोडो' यासारख्या सार्वजनिक संग्रहात ठेवावेत. सर्न या संस्थेने तो २०१३ मध्ये सुरू केला.

४. संपूर्ण अंकांचा एक संच स्वतःच्या व किमान एका अन्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवून दरवर्षी तो उघडून तपासावा.

५. डोमेन व सर्व्हरची खाती व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्या नावे असावीत.

निष्कर्ष

शोधगंगेमुळे भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांना एक सामायिक संग्रह लाभला आहे. महाविद्यालयीन पत्रिकांतील लेखांची जबाबदारी मात्र प्रामुख्याने त्या त्या संपादक मंडळावरच येते. नाहीशा होणाऱ्या लेखाबरोबर त्याचा आधार घेणाऱ्या पुढील संशोधनाचा पुरावाही नाहीसा होतो आणि पदोन्नतीच्या वेळी तो लेख दाखविणारा प्राध्यापकही अडचणीत येतो. खुल्या परवान्यामुळे प्रती करण्याचा अधिकार मिळतो, प्रती मात्र कोणीतरी प्रत्यक्ष कराव्या लागतात. अंक संकेतस्थळावर चढविला म्हणजे प्रकाशन पूर्ण झाले, असे न मानता त्याची दुसरी प्रत दुसऱ्या संस्थेत पोहोचविणे हाही संपादनकार्याचाच भाग समजला जावा.