अंगुली नव्हे, नख!

सस्तन प्राण्यांच्या पाठात 'अंग्युलेट' हा शब्द आला की एखादा चुणचुणीत विद्यार्थी म्हणतोच, "म्हणजे अंगुलीवाले!" आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. गाय-घोडे बोटांच्या टोकांवर चालतात, तेव्हा अर्थही जुळतो. पण हा उच्चारसाम्याचा चकवा आहे.

लॅटिनमध्ये नखाला व नखीला 'उंग्विस' म्हणतात. त्यावरूनच खुरासाठी 'उंगुला' हा शब्द आला आणि उंगुलावरून खुरवाले प्राणी 'अंग्युलेट' झाले. अंगुलीचे मूळ निराळे. उंग्विसचा सख्खा भाऊ मात्र आपल्या घरात आहेच, तो म्हणजे 'नख'! संस्कृत नख, ग्रीक ओनिक्स, लॅटिन उंग्विस, इंग्रजी नेल ही सारी एकाच इंडो-युरोपीय मुळाची भावंडे. 'न' आणि त्यामागून येणारा ख, क किंवा ग यांवरून नाते ओळखू येते. इंग्रजीत हा 'ग' गळाला, जर्मन 'नागेल'मध्ये तो अजून टिकून आहे.

शरीररचनाशास्त्रात नखाचे दोन भाग मानतात. वरचा कठीण पत्रा म्हणजे उंग्विस आणि त्याखालचा मऊ भाग म्हणजे सब-उंग्विस. आपले बोट उलटे करून पाहा. नखाच्या मोकळ्या कडेखाली जी अरुंद पट्टी दिसते, तेवढाच सब-उंग्विस माणसात उरला आहे. मांजरात वरचा पत्रा दोन्ही बाजूंनी दुमडून बाकदार, अणकुचीदार नखी बनते. घोड्यात तोच पत्रा बोटाच्या टोकाला गोल वेढून खुराची भिंत होतो आणि खुराचा तळ म्हणजे सब-उंग्विस. थोडक्यात, घोडा प्रत्येक पायाच्या मधल्या बोटाच्या नखावर उभा असतो!

"नाल ठोकताना घोड्याला दुखत नाही का?" हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. नालबंद खिळे मारतो ते या भिंतीच्या बाहेरच्या थरात. तो आपल्या नखासारखाच केराटिनचा, मृत पेशींचा. त्यात मज्जातंतू नाहीत, रक्तही नाही. (इंग्रजीत खिळ्यालाही नेलच म्हणतात, म्हणजे नखात नखच ठोकायचे!) खिळा जरा आत, जिवंत भागात गेला तर मात्र घोडा लंगडू लागतो. आणि नख वाढते तसे खूरही वाढते, म्हणून नालबंदाला दर काही आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून ती पुन्हा बसवावी लागते.