मंद अतिनवताऱ्यांची शिरगणती

उन्हाळ्यात जामनेरच्या बाहेर, दिव्यांचा उजेड पोहोचत नाही अशा बांधावरून उत्तरेकडे सप्तर्षी पाहावेत. शेपटीच्या टोकाचा तारा मरीची. त्याच्याजवळच भोवरा दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. लहान दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसतो. तिचा प्रकाश आपल्याकडे यायला अडीच कोटींहून अधिक वर्षे लागतात.

जून २००५ मध्ये या दीर्घिकेत एका जर्मन हौशी निरीक्षकाला नवा तारा दिसला. तो अतिनवतारा होता, पण फारच मंद. सुदैवाने त्याच वर्षी जानेवारीत हबल दुर्बिणीने दीर्घिकेची छायाचित्रे घेतली होती. ती ताडून पाहता त्या जागी एक तांबडा महाराक्षसी तारा सापडला. त्याचे वस्तुमान सूर्याच्या अवघे नऊपट असावे. स्फोटाने मरणाऱ्या ताऱ्यांत हा अगदी धाकटा! साधारण आठपटींहून हलके तारे स्फोट न होता श्वेतबटू होतात. आपल्या सूर्याचेही तेच होणार.

हा स्फोट इतका मंद का? गाभा कोसळून स्फोट झाला की बाहेरचे हायड्रोजनचे कवच तापते आणि सुमारे तीन-चार महिने जवळजवळ सारख्याच तेजाने प्रकाशते. येथे स्फोटाचा जोरच कमी होता, त्यामुळे कवच सावकाश पसरले. पुढे उजेड पुरवते ते किरणोत्सारी निकेल. त्याचे कोबाल्ट होते आणि कोबाल्टचे लोखंड. कोबाल्टचा अर्धायुकाल ७७ दिवसांचा आहे. या स्फोटात निकेल सूर्याच्या वस्तुमानाच्या हजारात तीन भागांइतकेच तयार झाले; १९८७ मध्ये दिसलेल्या प्रसिद्ध अतिनवताऱ्यात ते याच्या वीसपटींहून अधिक होते.

आता खरा प्रश्न. जड ताऱ्यांपेक्षा हलके तारे संख्येने पुष्कळ अधिक. मग असे मंद स्फोट इतके थोडे का सापडतात? समजा, रात्री शेतात काही ठिकाणी पेट्रोमॅक्स आणि काही ठिकाणी त्याच्या एक दशांश उजेडाचे कंदील ठेवले आहेत. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणून पेट्रोमॅक्स दहा किलोमीटरवरून दिसत असेल, तर कंदील फक्त सव्वातीन किलोमीटरवरून दिसेल. सपाट शेतात आपल्या नजरेच्या टप्प्यातले क्षेत्र दहापट घटले. अवकाश मात्र सपाट नाही; तेथे घनफळ मोजावे लागते आणि ते सुमारे बत्तीसपट घटते! म्हणजे दोन्ही स्फोट सारख्याच संख्येने होत असले, तरी बत्तीस तेजस्वी स्फोटांमागे मंद स्फोट एकच हाती लागतो. नुसती यादी मोजणारा येथे हमखास फसेल.

उपाय एकच. रोज रात्री सारे आकाश टिपायचे आणि नवा ठिपका दिसताच त्याचा माग ठेवायचा. या कामासाठी मुंबईची आय.आय.टी. आणि बंगलोरची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी २०१८ मध्ये लडाखमधील हानले येथे ७० सेंटीमीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण सुरू केली. असे स्फोट नीट मोजले गेले, तर किती वस्तुमानापासून तारा स्फोटाने मरतो, ती सीमारेषा पक्की करता येईल.

तेज एक दशांशऐवजी एक चतुर्थांश धरले, तर घनफळ किती पटींनी घटेल? विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.