चालीची गोष्ट

खामगावकडची रविवारची उपासना. व्यासपीठाशेजारच्या लाकडी फळीवर गीतांचे क्रमांक लावलेले, पण तिकडे बघतंय कोण? भिंतीवर प्रोजेक्टरनं हिंदी गाण्याच्या ओळी उमटत होत्या आणि पोरं कीबोर्ड-गिटार घेऊन रंगात आली होती. माझ्या शेजारच्या आजींनी कापडी पिशवीतून ‘उपासना संगीत’ काढून मांडीवर ठेवलं. शेवटपर्यंत ते मिटलेलंच राहिलं. उठताना त्या म्हणाल्या, “आपले जुने गाने कोनी म्हनतच नाही बाप्पा आता.”

आजींचं जुनं म्हणजे कवी नारायण वामन टिळक. गंमत अशी की टिळकांची गीतं हीच एके काळची नवी टूम होती. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. देवळांतून तेव्हा विलायती चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं चालत. टिळकांनी तिथं अभंग आणला, भजन आणलं. गोव्यात फादर स्टीफन्सनं १६१६ सालीच ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत सांगितलं होतं, पण तो धागा मधे तुटला होता. पुढे १९१७ मध्ये टिळक मिशनमधूनही बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेला असो-नसो, तिथं सगळ्यांना जागा होती.

जुन्या-नव्याची दुसरी गल्लत चंगाई सभांची. गावाबाहेर मांडव पडतो, आजारी माणसं रांगेनं येतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. जुनी मंडळी नाक मुरडतात, “हे आपलं नव्हे.” पण बुलढाणा, अकोला या वऱ्हाडी भागात सुवार्ता आणली ती ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सनं. तिचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन स्वतः सांगे, की १८८१ मध्ये प्रार्थनेनंच आपलं दुखणारं हृदय बरं झालं. अलायन्सच्या चार सूत्रांतलं एक सूत्रच ‘ख्रिस्त आरोग्यदाता’ असं आहे. तेव्हा चंगाई आजची नव्हे, पायातलीच. लाऊडस्पीकर, इलाज सोडून देण्याचा सल्ला आणि यूट्यूबवरचं चित्रीकरण मात्र नवं. त्यातल्या सल्ल्याला माझा सक्त विरोध आहे.

कॅथलिकांकडे बदल वरून आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली आणि वेदीकडे तोंड करून उभे राहणारे फादर लोकांकडे वळले.

मग आला लॉकडाऊन. झावळ्यांचा रविवार (५ एप्रिल २०२०) आणि ईस्टर (१२ एप्रिल) माणसांनी मोबाइलच्या पडद्यावर पाळले. गीत साधलं, उपदेश साधला, अडलं ते प्रभुभोजनापाशी. पाळक नाहीत, मग घरच्या ताटातली भाकर चालेल का? यावर अजून एकमत नाही. दानपेटीशेजारी क्यूआर कोड चिकटला, त्याला मात्र कुणी हरकत घेतली नाही!

खामगावकडच्या त्या रविवारी उपासना संपल्यावर पोरं तारा गुंडाळत होती. आजींनी पुस्तक उघडून कीबोर्डवाल्यापुढे धरलं. त्यानं नुसत्या शब्दांकडे पाहिलं. पुस्तकात चाल लिहिलेली नव्हती. आजींनी गुणगुणून दाखवली तसा तो एका बोटानं सूर शोधत गेला. दुसऱ्या कडव्यापाशी आजींचा आवाज चिरकला.

“पट्टी उतरव रे बाबू,” त्या म्हणाल्या, “तिथलोक पोचत नाही मी.”