बंद गाडी की उघडा हौदा?

रामबागेतील आमच्या एका स्नेह्यांनी नुकतेच आम्हांस पेचात टाकले. घरी मसाले व फराळाचे जिन्नस करून दुकानांना पुरविण्याचा त्यांचा उद्योग. सासूबाईंनी आरंभिलेला, आता सुना चालवितात. भाड्याचा खर्च असह्य झाला, तेव्हा साठविलेल्या पुंजीतून स्वतःची गाडी घ्यावयाची. पण बंद व्हॅन घ्यावी की मागे उघडा हौदा असलेली पिकअप?

प्रश्न जुनाच आहे. ऑस्ट्रेलियातील फोर्ड कंपनीस एका शेतकऱ्याच्या पत्नीने लिहिले होते म्हणतात, की रविवारी चर्चला न भिजता जाता यावे आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता यावीत, अशी एकच गाडी द्या. त्यातून मोटारीच्या पाठीस हौदा जोडलेली 'यूट' १९३४ साली अवतरली. आपल्याकडे हा संकर फारसा रुजला नाही. आपण वऱ्हाडे नेली ती मॅटाडोरमधून. पुढे मारुतीची व्हॅन आली, तिची ओम्नी २०१९ साली बंद झाली. आज तिच्या जागी ईको आहे, आणि हौदेवाल्यांसाठी २०१६ पासून सुपर कॅरी. पेट्रोलवर चालणाऱ्या या दोन्ही गाड्यांचे इंजिन १.२ लिटरचे, एकाच घराण्यातले. म्हणजे तुलना करावयाची ती केवळ देहाची!

सियागंजातून मिरची-धण्यांची पोती उचलावयाची तर हौद्यास तोड नाही. तिन्ही बाजूंच्या फळ्या पडतात, हमाल कोठूनही माल टाकतो. मात्र तोच हौदा तयार मसाला घेऊन श्रावणसरीत निघाला की ताडपत्रीवर भिस्त. एक कोपरा सुटला तरी दिवसाची मेहनत वाया. व्हॅनमध्ये माल कोरडा राहतो, कुलूपही लागते. सीएनजीचा मोह धरणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की सुपर कॅरीची भारक्षमता त्यामुळे शंभर किलोहून अधिक घटते.

स्नेह्यांच्या मनात निराळाच बेत होता. खाजगी नोंदणीची, आसनांची ईको घ्यायची. आठवडाभर माल, रविवारी ओंकारेश्वर! आम्ही स्पष्ट नकार दिला. खाजगी गाडीतून धंद्याचा माल वाहताना अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते, आणि पुंजी तर एकदाच जमते. हौद्यात नातवंडे बसविणे त्याहून वाईट. मालवाहू गाडीच्या हौद्यातील माणसांना विम्याचे छत्र सहसा नसते.

एक धास्ती मात्र अनाठायी होती. साध्या हलक्या मोटारीच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालविता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरविले आहे. सुनांनी निराळा चालक नेमण्याचे कारण नाही.

धाकट्या सुनेने महिन्याच्या फेऱ्या वहीत मांडल्या. पोती दोनदा येतात. तयार माल रोज जातो. मालवाहू नोंदणीची बंद ईको ठरली, पोत्यांना पूर्ववत भाड्याचा टेंपो. ओंकारेश्वरला मंडळी बसनेच जातील.