डॅशहंड

डॅशहंड ही मूळची जर्मनीतील, लांब अंगाची व आखूड पायांची कुत्र्याची जात आहे. बिळात शिरून शिकार करण्यासाठी घडवलेली ही जात आज जगभर मुख्यत्वे घरातील सोबती म्हणून पाळली जाते. लहान आकारामुळे महाराष्ट्रातील शहरांतील सदनिकांमध्येही ती आढळते. तिचा स्वभाव, तिच्या सवयी आणि तिला होणारा पाठीचा गंभीर आजार या तिन्हींचा संबंध तिच्या या घडणीशी आहे. त्यामुळे तिची निगा इतर लहान कुत्र्यांपेक्षा काहीशी वेगळी राखावी लागते.

नाव व इतिहास

जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजर हा बिळे खणून राहणारा, तीक्ष्ण नखांचा व बळकट सस्तन प्राणी आहे. त्याच्या मागे बिळात शिरणे, त्याला कोंडून धरणे आणि शिकारी खणत येईपर्यंत मोठ्याने भुंकत राहणे हे या कुत्र्याचे मूळ काम होते. कोल्हे व ससे यांच्या शिकारीतही त्याचा उपयोग होई. जर्मनीत त्याला ‘डाकेल’ किंवा ‘टेकेल’ म्हणतात. भारतात ‘डॅशहाउंड’ हा उच्चारही रूढ आहे. या जातीला वाहिलेल्या संस्था इंग्लंडमध्ये १८८१ साली व जर्मनीत १८८८ साली स्थापन झाल्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे शुभचिन्ह ‘वाल्डी’ हे डॅशहंड होते.

शरीररचना

मोठ्या चणीच्या डॅशहंडचे वजन साधारण ७ ते १४ किलो, तर लहान चणीच्याचे सुमारे ५ किलोपर्यंत असते. गुळगुळीत, लांब व राठ केसांचा असे तीन प्रकार आहेत. आयुर्मान सामान्यतः १२ ते १६ वर्षे असते. पायांचा आखूडपणा आनुवंशिक आहे. ‘एफजीएफ ४’ या जनुकाची एक जादा प्रत त्यास कारणीभूत असल्याचे २००९ साली संशोधकांनी दाखवले. २०१७ साली त्याच जनुकाची दुसरी जादा प्रत आढळली. तिचा संबंध मणक्यांमधील चकत्यांच्या आजाराशी आहे.

स्वभाव

डॅशहंड धाडसी, चौकस, निष्ठावान व हट्टी असतो. बिळात धन्याच्या नजरेआड काम करताना त्याला स्वतःच निर्णय घ्यावा लागे. त्यामुळे हाक मारताच परत येणे हा त्याचा स्वाभाविक गुण नाही. माती उकरणे, चादरीखाली शिरून झोपणे आणि उंदीर, खार किंवा पाल यांच्या मागे धावणे ही त्याच जुन्या कामाची चिन्हे होत. त्याचा आवाज आकाराच्या मानाने भारदस्त असतो. जिन्यातील पावलांच्या चाहुलीनेही तो भुंकतो.

घरातील एखाद्या व्यक्तीवर त्याचा विशेष जीव जडतो आणि परक्यांविषयी तो संशयी राहतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक जातींच्या मालकांकडून माहिती घेऊन केलेल्या अभ्यासात आक्रमकतेच्या बाबतीत डॅशहंड वरच्या क्रमांकांत होता. लहान कुत्र्याचे गुरगुरणे गमतीने घेण्याची मालकांची सवयही या स्वभावाला खतपाणी घालते. पिल्लू असतानाच त्याला निरनिराळी माणसे, मुले व आवाज यांची ओळख करून द्यावी. शिक्षेपेक्षा खाऊचे बक्षीस आणि थोडा वेळ पण रोजचा सराव अधिक फलदायी ठरतो.

पाठीचा आजार

डॅशहंडांपैकी सुमारे एक-चतुर्थांश कुत्र्यांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. मणक्यांमधील चकतीचा मऊ गाभा या जातीत लहान वयातच कडक होतो. त्यामुळे धक्का शोषण्याची त्याची शक्ती घटते आणि बाहेरचे वलय फाटून गाभा मज्जारज्जूवर दाब देतो. बहुतेक वेळा हे तीन ते सात वर्षांच्या वयात घडते.

पाठ कमानीसारखी करणे, उचलताच विव्हळणे, सोफ्यावर चढण्यास नकार देणे व मागचे पाय अडखळणे ही पहिली लक्षणे होत. ती दिसताच कुत्र्याची हालचाल थांबवून त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे. माणसांची वेदनाशामके देऊ नयेत; आयबुप्रोफेनसारखी औषधे कुत्र्यांना विषारी ठरतात. सौम्य आजारात पिंजऱ्यात काही आठवडे सक्तीची विश्रांती व औषधे पुरेशी ठरू शकतात. पाय लुळे पडल्यास मात्र वेळ निर्णायक असतो. बोटे जोराने दाबल्यावर वेदना जाणवत असताना शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक कुत्री पुन्हा चालू लागतात. ही जाणीव गेल्यानंतर ती शक्यता जवळपास निम्म्यावर येते.

संगोपन

पाठीवरचा भार कमी ठेवणे हे संगोपनाचे मुख्य सूत्र आहे. खाली वाकून पाहता बरगड्या हाताला सहज लागाव्यात व वरून कंबर दिसावी, इतपतच वजन असू द्यावे. दूध-पोळी, बिस्किटे आणि ताटातले उरलेले अन्न यांनी वजन लवकर वाढते. कांदा, लसूण, द्राक्षे व चॉकलेट ही कुत्र्यांना विषारी असल्याने फोडणीची भाजी-आमटीही देऊ नये. पलंगाजवळ उतरती फळी ठेवावी आणि गुळगुळीत लादीवर सतरंजी अंथरावी. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या भागाखाली घेऊन पाठ आडवी ठेवावी. रोज चालवल्याने पाठीचे स्नायू बळकट राहतात. गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरणे श्रेयस्कर असते. लोंबत्या कानांची नियमित तपासणी, दातांची स्वच्छता आणि नखे कापणे हीदेखील नित्याची कामे होत.

महाराष्ट्रातील हवामान व परिसर

उकरण्याची सवय ठाणे जिल्ह्यात विशेष धोक्याची ठरते. अंबरनाथ तालुक्यातील चामटोलीसारख्या गावांच्या परिसरात पावसाळ्यात गवत माजते. घुशी-उंदरांच्या बिळांत व दगडांच्या कपारींत नाग, मण्यार, घोणस व फुरसे आढळू शकतात, आणि डॅशहंडचे तोंड नेमके त्याच उंचीवर असते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यामुळे रेबीजबरोबर त्याचीही लस वेळेवर द्यावी. सर्पदंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये; कुत्र्याला चालू न देता उचलून तातडीने उपचारासाठी न्यावे. पोट जमिनीलगत असल्याने ओल व गोचिडी लवकर लागतात. गोचिडींमुळे होणारे ताप जिवावर बेतू शकतात. म्हणून फिरून आल्यावर पोट, काख व पायांची बोटे पुसून तपासावीत. उन्हाळ्यात फिरणे पहाटे व सूर्यास्तानंतर ठेवावे.

पिल्लाची निवड

भारतातील २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही आणि प्रजनन करणाऱ्यास नोंदणी बंधनकारक आहे. पिल्लू घेताना त्याच्या आईबापांच्या पाठीच्या आजाराची चौकशी करावी. दोन्ही पालक ठिपकेदार रंगाचे असल्यास काही पिल्ले बहिरी किंवा अंध जन्मतात, म्हणून असा जोड टाळला जातो. ज्या घरात कुत्र्याला दिवसभर एकटे राहावे लागते, त्या घरासाठी ही जात सोयीची नाही.