कढीपत्त्यापाशी थांबा

मुलांना निसर्ग दाखवायचा म्हटलं की आपण गाडी काढतो. ताम्हिणी नाहीतर भीमाशंकर, वाटेत कोंडी, पोचल्यावर भजी, आणि येताना पोरं मागच्या सीटवर गाढ झोपलेली. पावसाळ्याच्या या दिवसांत त्यापेक्षा सोसायटीच्या कुंपणालगतचा कढीपत्ता गाठावा.

कोवळ्या पानावर पक्ष्याने शिटल्यासारखा काळपट-पांढरा डाग दिसला की थांबायचं. मुलं ‘शीऽऽ’ म्हणून मागे सरकतील. पक्ष्यांनीही असंच मागे सरावं, हाच तर त्या डागाचा डाव! ती असते ‘बहुरूपी’ या फुलपाखराची अळी. विष्ठा कोण खाणार? चार वेळा कात टाकल्यावर मात्र ती एवढी मोठी होते की ते सोंग चालत नाही. मग ती पानासारखी हिरवीगार होते. तरीही कुणी डिवचलंच, तर डोक्यामागून लालसर, दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हा प्रकार पुन्हापुन्हा बघायचा असतो. एकदा पुरे. पुढे कमरेला रेशमाचा धागा बांधून तिचा कोष फांदीला टेकतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभराचा, म्हणजे शाळेत जाता-येता मुलांना तो सगळा बघता येतो. माळीकाकांना तेवढे दिवस फवारणी टाळायला सांगावं लागतं आणि खाल्लेल्या पानांबद्दल शेजारच्या काकूंची बोलणीही ऐकावी लागतात.

फोन पुढे करून लगेच नाव शोधायची घाई मला पटत नाही. नाव कळलं की बघणं संपतं. त्याऐवजी विचारावं, ही अळी शेजारच्या जास्वंदीवर का नाही? बहुरूपीच्या अळ्यांना कढीपत्ता, लिंबू अशा एकाच कुळातली झाडं चालतात. म्हणून मादी पानावर उतरते, पायांनी त्याची चव घेते आणि खात्री पटली तरच अंडं घालते. पायांनी चव घ्यायची, हे ऐकल्यावर मुलं आपल्या चपलांकडे बघतात. राज्य फुलपाखराचा मान २०१५ मध्ये ज्याला मिळाला, ते निळं-काळं ‘निलवंत’ही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. मुंबई-पुण्याच्या बागांतही ते दिसतं.

मारुतीच्या देवळाबाहेर शनिवारी माळा विकायला येतात ती रुईची पानंही उलटून बघावीत. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे पट्टे असलेली अळी तिथे राजरोस बसलेली सापडते. तिला लपायची गरजच नाही. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते आणि भडक रंगाने पक्ष्यांना बजावते की वाटेला जाऊ नका. तो चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून रुई मोठ्यांनीच हाताळावी. केसाळ सुरवंटाला तर कुणीच हात लावू नये, खाजेने जीव नकोसा होतो.

ऊन पडलं तर भिंतीवरची मुंग्यांची रांग आहेच. ओलं बोट रांगेवर आडवं फिरवलं की मुंग्या तिथे येऊन थबकतात, मागे वळतात, गोंधळतात. त्या वासाच्या रेघेवर चालत असतात आणि आपण ती रेघ पुसलेली असते. थोड्या वेळात नवी वाट पडते. किती वेळात, ते मुलांना मोजू द्यावं.

संध्याकाळी फेरी निघाली तर रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाखालून न्यावी. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पण आपल्या शहरांत आता चांगलंच रुळलंय. अंधार पडू लागला की त्याची पानं मिटतात. देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते. तिच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी दुसऱ्या बाजूला सरकतं आणि पान वळतं. ढगाळ दिवशी ती लवकर मिटतात का, हे मुलांनीच घड्याळ लावून ठरवावं. पर्जन्यवृक्ष जवळ नसेल तर चिंचही चालेल, तिचीही पानं रात्री मिटतात. वडाखाली मात्र उगाच ताटकळू नये.